झडपेत चुना कुठून येतो?

ट्रायक्रोम | शनिवार, २२:१५

शेजारच्या काकूंनी महिनाभर दूध बंद केलंय. चहा कोरा, ताक नाही, नाचणीची भाकरी नाही, हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तशाच्या तशा डब्यात. का, तर टू-डी एकोच्या रिपोर्टात 'एओर्टिक व्हॉल्व्ह कॅल्सिफाइड', म्हणजे हृदयाच्या झडपेत कॅल्शियम साठलंय, असं छापून आलं. "अंगात कॅल्शियम फार झालं म्हणूनच साठलं ना गं?" वय ७२, एका मणक्याला फ्रॅक्चर होऊन गेलेलं. तोंडी सांगून थकले, म्हणून म्हटलं इथे नीट लिहावं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये २७ वर्षं टेक्निशियन होते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीतून यायचा, तो मेणात बसवायचा, तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे आणि काचपट्टी पॅथॉलॉजिस्ट साहेबांच्या टेबलावर ठेवायची. निदान त्यांचं, काप माझे.

साध्या तुकड्याचा काप मायक्रोटोमवरून कसा अलगद रिबनीसारखा उतरतो. कॅल्सिफाइड झडप असली की करकर आवाज यायचा. करंजीत खडा लागावा तसा. काप मधोमध चिरफळायचा आणि ब्लेडला दाते पडायचे. म्हणून आधी तुकडा अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा. आमच्याकडे फॉर्मिक अ‍ॅसिड असायचं. दिवस-दोन दिवस, कधी जास्त. मधूनमधून सुई टोचून बघायची, कडक लागतंय का. निरोगी झडप शवविच्छेदनातून यायची, ती कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, पलीकडचं बोट दिसेल इतकी पातळ. आणि ऑपरेशनमधून आलेली? फ्लॉवरचा तुरा. पिवळट, खडबडीत, बोटाला टोचणारी.

आता मुद्दा. हृदयातून महाधमनीत रक्त जातं त्या दारावरची ही झडप. तीन पाकळ्या, प्रत्येक जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. मिनिटाला ७० ठोके धरा, दिवसाला लाखभर वेळा उघडमीट झाली. ८० वर्षांत २९० कोटींच्या वर जाते. आणि हे सगळं पेलतात प्रथिनांचे धागे.

पाकळीला तीन थर असतात. महाधमनीकडच्या थरात कोलॅजनचे जाड दोर, पाकळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोळीच्या दोऱ्यांसारखे आडवे. झडप मिटली की वरच्या रक्ताचा भार या झोळीवर येतो. हृदयाकडच्या थरात इलॅस्टिन, पाकळीच्या बुडापासून मोकळ्या कडेकडे जाणारं. पायजम्याच्या इलॅस्टिकचं जे काम तेच याचं, ताणल्यावर पूर्वपदावर आणायचं. मधला थर लिबलिबीत, साखरेच्या लांब साखळ्या लटकवलेल्या प्रथिनांचा. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वरचा आणि खालचा थर एकमेकांवरून घसरू शकतात. मॅसन ट्रायक्रोमने रंगवलं की कोलॅजन निळं होतं (माझा आयडी तिथूनच आला), व्हेरहॉफने इलॅस्टिन काळं. तरुण माणसाच्या झडपेत निळे दोर चुण्या पडलेल्या साडीसारखे शिस्तीत नागमोडी, आणि खाली काळ्या बारीक रेघा. खराब झालेल्या झडपेत काळ्या रेघांचे तुकडे तुकडे आणि निळ्याचा नुसता गुंता.

रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट एवढं असतं की ते 'का साठतं' यापेक्षा 'एरवी सगळीकडे का साठत नाही' हा प्रश्न जास्त खरा आहे. एरवी साठत नाही कारण शरीर पहारेकरी ठेवतं. यकृतात तयार होणारं फेट्युइन-ए रक्तातून फिरत असतं, आणि एमजीपी नावाचं प्रथिन जागेवरच राखण करतं. पहारा ढिला पडतो तिथे, आणि जिथे बसायला जागा तयार होते तिथे, कॅल्शियम बसतं. ती जागा कशी तयार होते? पाकळीचं वरचं अस्तर दुखावतं. लायपोप्रोटीन-ए सारखे चरबीचे कण आत शिरतात आणि बायग्लायकन नावाच्या प्रथिनाला चिकटून राहतात. सूज येते. सूज आली की कात्र्या येतात, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स. इलॅस्टिन कापलं जातं, आणि तुटलेल्या इलॅस्टिनला कॅल्शियमची ओढ असते. पाकळीतल्या पेशी डागडुजीला लागतात, पण ती डागडुजी म्हणजे वेड्यावाकड्या कोलॅजनचे थरावर थर. पाकळी कडक होते. या पेशींना आपण कशावर बसलोय याची जाण असते. मऊ जागी त्या गुण्यागोविंदाने राहतात, कडक जागी गेल्या की हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. आणि हाड म्हणजे तरी काय? पहिल्या प्रकारचं कोलॅजन आणि त्यात बसलेलं कॅल्शियम फॉस्फेट. झडपेतही तेच कोलॅजन आहे. म्हणजे ओटा आधीच बांधलेला होता, मूर्ती नंतर येऊन बसली.

१९०४ मध्ये म्योन्केबर्ग या जर्मन पॅथॉलॉजिस्टने या रोगाचं वर्णन केलं. पुढे कित्येक दशकं 'वयानुसार झीज' म्हणून विषय संपायचा. मी लागले तेव्हा आमच्या फॉर्मवरही 'डीजनरेटिव्ह' असाच शिक्का होता.

तर काकूंचं दूध. ते झडपेत जात नाहीये. कॅल्शियम हा या गोष्टीतला शेवटी आलेला पाहुणा आहे.

---

रानजाई | शनिवार, २२:५०

काय सुंदर लिहिलंयस! कांद्याचा पापुद्रा डोळ्यांसमोर आला. आईला वाचून दाखवते उद्या.

---

खवचट काका | शनिवार, २३:०४

म्हणजे आयुष्यभर लोकांनी आम्हाला चुना लावला, आता हृदयानेही लावला.
एक बाळबोध शंका. बंबातला क्षार लिंबाने जातो, तुमच्या लॅबमध्ये अ‍ॅसिडने जातो. मग रोज अनशापोटी लिंबूपाणी घेतलं तर? आमच्या कट्ट्यावर एकजण ठामपणे सांगतो.

---

ट्रायक्रोम | शनिवार, २३:२०

काका, लिंबू पोटात गेलं तरी रक्त ७.४ पीएचच्या आसपासच राहतं, तिथे शरीर कुणाचं ऐकत नाही. आणि माझं अ‍ॅसिड नुसता चुना काढत नाही हो. एकदा सलग सुट्ट्या आल्या आणि तुकडा अ‍ॅसिडमध्येच राहिला. परत आले तर चुना साफ, पण पेशींची केंद्रकंही रंग धरेनात. सगळं फिकट गुलाबी, ओळखू न येणारं. साहेबांनी काचपट्टी परत पाठवली, वर चिठ्ठी: 'हे काय आहे?' कट्ट्यावरच्या गृहस्थांना ही चिठ्ठी दाखवा.

---

अर्धवट_एमएस्सी | रविवार, ००:१२

मस्त धागा. एमजीपीबद्दल थोडी भर.

१९९७ मध्ये एमजीपीचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. जन्मले तेव्हा ठीकठाक होते, पण दोन महिन्यांच्या आत बहुतेक मेले. रक्तवाहिन्या कॅल्शियमने कडक होऊन महाधमनी फाटली. आहारात काही बदल नव्हता. एक पहारेकरी गेला, एवढंच.

या पहारेकऱ्याला कामावर रुजू व्हायला व्हिटॅमिन के लागतं. आणि वॉर्फरिन नेमकं तेच अडवतं. म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी एमजीपीलाही बेकार करते. उंदरांवर वॉर्फरिन देऊन रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठवता येतं, हे प्रयोगशाळेतलं नेहमीचं तंत्र आहे.

---

सकारात्मक_सदाशिव | रविवार, ०८:३१

म्हणूनच मी सगळ्यांना व्हिटॅमिन के-टू घ्या सांगतो! जपानी लोक नाट्टो खातात, के-टू असलेलं आंबवलेलं सोयाबीन. माझ्याकडे चांगल्या दरात उपलब्ध, व्यक्तिगत निरोप करा.

---

अर्धवट_एमएस्सी | रविवार, ०९:०५

सदाशिवराव, दुकान बंद ठेवा. डेन्मार्कमध्ये हे करून बघितलंय. झडपेत कॅल्शियम असलेले ३६५ पुरुष, रोज ७२० मायक्रोग्रॅम के-टू आणि जोडीला व्हिटॅमिन डी, दोन वर्षं. निकाल २०२२ मध्ये आला. गोळी घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्या झडपेतलं कॅल्शियम सारख्याच वेगाने वाढलं. कागदावर इतकं चोख बसणारं प्रत्यक्षात चाललं नाही. आणि ज्यांना वॉर्फरिन किंवा त्याच जातीची अ‍ॅसिट्रॉम चालू आहे त्यांनी न विचारता के-टू घेतलं तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) घसरू शकतो, कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ शकते. ती जाहिरात उडवा, संपादक.

---

रानजाई | रविवार, १०:४०

बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. चरबीचे कण शिरतात म्हणालीस, मग त्या गोळीने झडपेचं थांबेल ना?

---

ट्रायक्रोम | रविवार, ११:२५

थांबायला हवं होतं खरं. सगळ्यांना तसंच वाटलं होतं. २००५ मध्ये स्कॉटलंडमधला साल्टायर प्रयोग आला, कोलेस्टेरॉलचीच गोळी, अटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम. वाईट कोलेस्टेरॉल निम्म्याच्या खाली आलं, झडप मात्र अरुंद होतच राहिली. २००८ मध्ये १८७३ रुग्णांवर दुसरा, तिथेही तेच. मग म्हटलं, हाडासारखंच होतंय तर हाडांची औषधं देऊन बघू. २०२१ मध्ये डेनोसुमॅब आणि अ‍ॅलेंड्रोनेट दोन्ही फसली. आजही झडपेचं कॅल्सिफिकेशन थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध नाही. झडप पुरती अरुंद झाली की ती बदलायची, हाच उपाय.

माझा अंदाज असा (लॅबवालीचा अंदाज, तेवढाच धरा): चरबी ठिणगी टाकते, पण एकदा कोलॅजनचा गुंता कडक झाला की पुढची आग त्याचीच. कडक पाकळीत ताण वाढतो, ताणामुळे पेशी आणखी कोलॅजन आणि चुना घालतात, पाकळी आणखी कडक होते. ठिणगी विझवून तेव्हा उपयोग काय.

बाबांची गोळी मात्र बंद करू नका हं! ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी असते आणि तिथे ती काम करते.

---

गोदाकाठ | रविवार, १३:१०

आई तीन वर्षं डायलिसिसवर आहे. सुरू केलं तेव्हा एकोत झडप 'थोडी जाड' होती, आता 'मॉडरेट स्टेनोसिस', म्हणजे मध्यम अरुंद. एवढ्या झपाट्याने? आम्ही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'किडनीमुळे होतं'. पुढचा पेशंट आत येऊन उभा होता.

---

अर्धवट_एमएस्सी | रविवार, १३:५५

किडनी गेली की फॉस्फेट बाहेर पडत नाही, ते रक्तात चढतं. पहारेकरीही कमी पडतात. पण इथेही इलॅस्टिन आहेच. कॅथेप्सिन एस नावाची इलॅस्टिन कापणारी कात्री असते. २००९ मध्ये किडनी बिघडवलेल्या उंदरांत ही कात्री जन्मतःच नसेल तर काय होतं ते पाहिलं. इलॅस्टिन कमी तुटलं, आणि धमन्यांत नि झडपेत कॅल्शियम फारसं साठलंच नाही. रक्तातलं सगळं बिघडलेलं होतं तरीही! ट्रायक्रोमताईंच्या ओट्याची गोष्ट यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.
माणसासाठी असं औषध अजून नाही. आईंच्या बाबतीत फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच, जेवणानंतर नाही, एवढं बघा. आणि एको वेळच्या वेळी.

---

गोदाकाठ | रविवार, १४:०२

आम्ही ती रात्री झोपताना देत होतो. धन्यवाद.

---

त्वचासुंदरी | रविवार, १६:२०

मग कोलॅजन पावडर घ्यावी की नाही? मी रोज दुधातून घेते, आता भीती वाटतेय.

---

ट्रायक्रोम | रविवार, १६:४४

भीती नको आणि आशाही नको. पावडर पोटात गेली की तिची अमिनो आम्लं होतात, त्यांच्यावर 'झडपेसाठी' असा पत्ता लिहिलेला नसतो. शिवाय खराब झडपेत कोलॅजन कमी नसतं, नको तितकं असतं. इलॅस्टिनचं उलट. ते बहुतेक सगळं बालपणापर्यंत विणून होतं, आणि त्यावर माणूस आयुष्य काढतो. तुटलं की तसं नवं कुणी विणत नाही.

कोलॅजनवरून आठवलं. एकदा बरणीतून कोळशासारखी काळी झडप आली. मला वाटलं कुणी शाई सांडली. साहेब धावत आले, सगळ्या ज्युनिअर डॉक्टरांना बोलावलं. अल्काप्टोन्युरिया. एक एन्झाइम जन्मतः नसतं, होमोजेंटिसिक आम्ल साठतं आणि त्याचा काळा रंग कोलॅजनला धरून बसतो. कुर्च्या, सांधे, झडप. आणि तीही करकर वाजत होती ब्लेडखाली. कोलॅजन बिघडलं, मागोमाग चुना आला. मग तो रंगामुळे बिघडो नाहीतर वयामुळे.

---

निळावंती | सोमवार, ०७:५०

आमच्याकडे निर्णयाची घाई आहे म्हणून विचारते. भाऊ ४४ वर्षांचा, जन्मतःच दोन पाकळ्यांची झडप, ती आता निकामी. धातूची की टिश्यूची? टिश्यूची गाईच्या हृदयावरणाची म्हणे, घरात त्यावरून वेगळंच महाभारत चाललंय. वहिनी म्हणते टिश्यूची घेऊ, रोज गोळी नको.

---

ट्रायक्रोम | सोमवार, ०९:३०

निर्णय सर्जनबरोबर बसूनच घ्या, मी फक्त आत काय होतं ते सांगते.

डुकराची झडप किंवा गाईचं हृदयावरण तसंच बसवलं तर शरीर ते स्वीकारणार नाही. म्हणून ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवतात. फ्रान्सच्या अ‍ॅलन कार्पेंतिए यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ही वाट घातली. ग्लुटाराल्डिहाइड कोलॅजनचे धागे एकमेकांना टाचून टाकतं, चामडं कमावतात ना तसंच. पण इलॅस्टिन आणि तो मधला लिबलिबीत थर त्याला नीट टाचता येत नाही. शिवाय मेलेल्या पेशींच्या आवरणातली चरबी आत राहते, मोकळे अल्डिहाइडही राहतात, आणि या सगळ्यांवर कॅल्शियम बसतं. जिवंत पेशी नसतानाही! म्हणूनच नंतर अल्कोहोलने धुऊन ती चरबी काढायचे प्रयोग झाले. १९९७ च्या त्या कामात नरेन व्यवहारे होते, पुढे अमेरिकेत क्लेम्सन विद्यापीठात त्यांनी इलॅस्टिनवर कॅल्शियम कसं बसतं यावर बरंच काम केलं.

वय जितकं कमी तितकी टिश्यूची झडप लवकर चुनखडते. म्हणून युरोपातल्या मार्गदर्शक सूचना साधारण ६० च्या आत धातूची आणि ६५ च्या पुढे टिश्यूची, अशा झुकतात. धातूच्या झडपेत प्रथिनच नाही, त्यामुळे हा प्रश्न नाही, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआर. याच प्रकारातली आपली तिरुवनंतपुरमची चित्रा झडप माहीत असेलच. डॉ. वलियाथन यांच्या चमूने बनवली, ६ डिसेंबर १९९० ला पहिल्या रुग्णाला बसवली. तिची तबकडी प्लॅस्टिकची आहे, पॉलिएथिलीनची. आमच्या आयसीयूतल्या सिस्टर कान जवळ नेऊन टिकटिक ऐकायच्या.

गाईचं महाभारत मी सोडवू शकत नाही. सर्जनना ते नवं नसतं, मोकळेपणाने विचारा.

---

निळावंती | सोमवार, ०९:४१

'जिवंत पेशी नसतानाही' हे वाक्य वहिनीला पाठवलं. गुरुवारी दोघांना घेऊन जाते.

---

पोफळी | सोमवार, २१:१५

एक राहिलं. मी रेडिओलॉजीत आहे. सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात, तेव्हा झडप गंभीर अरुंद असण्याची शक्यता पुरुषात २००० च्या पुढे धरतात आणि बाईत १२०० च्या पुढेच. बायकांची झडप कमी चुन्यातच तेवढी अरुंद होते, कारण त्यांच्यात कोलॅजनचा भाग जास्त असतो. 'कॅल्शियम फार नाही, बघू पुढच्या वर्षी' असं ऐकून परत गेलेल्या बायका मी पाहिल्यात, नंतर जिना चढताना चक्कर येऊन आलेल्या. आकडा पुरुषाच्या पट्टीने वाचला होता. रिपोर्टात पट्टी कोणती लावली ते विचारा.

आणि ट्रायक्रोम, एक टोचणी. दूध चालूच ठेवावं, मान्य. पण गोळ्यांचं इतकं सरसकट नको. २०२२ मध्ये क्लीव्हलंडच्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला, झडप थोडीफार अरुंद असलेले वयस्क लोक. कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत झडप बदलावी लागण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. नुसत्या नोंदी आहेत, गोळीमुळेच झालं असं म्हणता येत नाही. पण दुर्लक्षही करता येत नाही.

---

ट्रायक्रोम | सोमवार, २१:५०

मान्य. हे मला माहीत नव्हतं, आणि मूळ लेखात मी दुधाला नि गोळीला एका ओळीत बसवलं ते चुकलंच. काकूंचं दूध सुरू करते, गोळीचा डबा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि पट्टीचा मुद्दा तर थेट त्यांच्याच कामाचा.

---

माळरान | बुधवार, १९:०५

धागा शोधत शोधत इथे आलो. वडिलांची झडप गेल्या महिन्यात बदलली, सगळं ठीक. काढलेल्या झडपेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आज हातात आला. 'कॅल्सिफिकेशन विथ ओसियस मेटाप्लेझिया, मॅरो एलिमेंट्स सीन.' कॅन्सरबिन्सर तर नाही ना?

---

ट्रायक्रोम | बुधवार, १९:४०

नाही हो, अजिबात नाही. झडपेत खरंखुरं हाड तयार झालंय, आणि त्यात मगजही. मी असे काप पाहिलेत. मधोमध हाडाच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रक्त बनवणाऱ्या पेशी, मांडीच्या हाडात असाव्यात तशा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं तुकड्यांची अदलाबदल झाली, बरणीवरचा नंबर तीनदा तपासला. २००१ मध्ये अमेरिकेत ३४७ झडपा तपासल्या होत्या, त्यातल्या चुना साठलेल्या झडपांपैकी जवळपास १३ टक्क्यांत असं पक्कं हाड सापडलं. पेशी हाड बनवणाऱ्यांसारख्या वागतात म्हटलं ना, काही झडपांत त्या काम पुरं करतात. वडिलांना यापुढे त्याचा काही त्रास नाही, ते आता बाहेर आहे.

---

माळरान | बुधवार, २०:२२

जीव भांड्यात पडला. वडिलांना वाचून दाखवलं. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलंय त्यांनी. म्हणाले, "मी हाडाचा शिक्षक आहे हे तुझ्या आईला आता तरी पटेल."